उसना रंग

ऋजुताचा चेहरा साफ झाला, त्या दिवशी सगळ्यांत जास्त रडली ती तिची धाकटी बहीण ईशानी.

उपचाराच्या शेवटच्या बैठकीनंतरची सूज उतरली होती. कोल्हापुरातल्या आपल्या दवाखान्यात डॉ. नसीमा मुजावरांनी ऋजुताच्या गालांवरचं मलम पुसलं, खोलीतला दिवा वाढवला आणि तिला आरशापुढे उभं केलं. ऋजुताने आधी डावा गाल वळवून पाहिला, मग उजवा.

"कसं वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणीतरी दुसरंच उभं आहे असं वाटतंय," ऋजुता म्हणाली. "पण चांगलं माणूस दिसतंय."

मागे स्टुलावर बसलेल्या ईशानीला हुंदका आवरेना. ऋजुताने वळून तिचं डोकं पोटाशी धरलं. चेहरा हिचा बदलला होता आणि समजूत तिची काढावी लागत होती.

ऋजुताच्या दोन्ही डोळ्यांभोवती, कपाळापासून गालफडांपर्यंत, जन्मापासून एक निळसर-राखाडी डाग होता. शाईची बाटली सांडून कुणी फडक्याने अर्धवट पुसल्यासारखा. शाळेतली मुलं तिला 'दौत' म्हणायची. ईशानी चार वर्षांनी लहान, गोरी नव्हे पण लख्ख, जिच्याकडे बघून लोक आपोआप हसायचे अशी. आईने तिला कळायला लागल्यापासून एकच शिकवलं होतं, ताईला जपायचं. ईशानीने ते मनापासून केलं. ताईला चिडवणाऱ्या मुलीची वेणी तिने ओढली होती. लग्नकार्याला निघताना ताईला समोर बसवून बोटाच्या टोकाने ती तिचा डाग लेपाखाली झाकायची. "ईशा नसती तर माझ्या ऋजूचं काय झालं असतं," असं आई पाहुण्यांना सांगायची आणि ते ऐकायला ईशानीला आवडायचं.

पुढे दोघींनी मिळून 'बाजारहाट' नावाचा कार्यक्रम सुरू केला. दर भागात एका गावचा आठवडी बाजार. कोणत्या बाजारात जायचं, कुणाशी बोलायचं, काय विचारायचं, हे सगळं ऋजुता ठरवायची. तोंडाला ओढणी गुंडाळून ती आदल्या आठवड्यात एकटी जाऊन यायची आणि बोहारणीपासून गुळाच्या अडत्यापर्यंत सगळ्यांशी ओळखी करून यायची. कॅमेऱ्यासमोर उभी राहायची ती ईशानी. तिच्या कानात शेंगदाण्याएवढं यंत्र असे आणि गाडीत बसलेली ऋजुता त्यातून तिला वाक्यं पुरवत असे. "आता विचार, घोंगडं विणायला लोकर कुठून आणता." ईशानी हसून तेच विचारायची. लोक म्हणायचे, पोरगी किती हजरजबाबी आहे.

असं आठ वर्षं छान चाललं. मग 'वर्णलेख' नावाचा नवा लेसर आला.

*

मुजावर डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दोघींना सगळं समजावून सांगितलं होतं.

"बाळ पोटात असताना रंग तयार करणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याजवळून निघतात आणि त्वचेच्या वरच्या थरापर्यंत चालत जातात. तुमच्या काही पेशी वाटेत, खालच्या थरातच मुक्कामाला राहिल्या. त्यांचा रंग सगळ्यांसारखाच तपकिरी आहे. पण खोलवरून येताना उजेड विखुरतो, म्हणून आपल्याला तो निळा दिसतो."

"म्हणजे मी निळी नाहीच," ऋजुता म्हणाली.

"नाही. तुम्ही फक्त खोल आहात." डॉक्टर हसल्या.

गोंदण काढायला जो लेसर वापरतात तोच इथेही चाले. त्याचा झोत इतका क्षणिक असतो की रंगाचा कण तापून फुटतो, पण ती धग शेजारच्या पेशीपर्यंत पोहोचायच्या आत झोत संपलेला असतो. फुटलेला चुरा शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी हळूहळू वाहून नेतात. अडचण एकच होती. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत हवा असलेला रंगही तोच आणि नको असलेला रंगही तोच. थांबायचं कुठे हे लेसरला कळत नसे. ऋजुताने सतराव्या वर्षी एकदा उपचार घेतले होते, तेव्हा कपाळावर पांढरे ठिपके उठले आणि ते जायला दोन वर्षं लागली.

वर्णलेखाला थांबायचं कळत होतं. प्रत्येक झोताआधी तो त्वचेच्या सुईच्या अग्राएवढ्या तुकड्यात किती रंग आहे, किती खोल आहे, ते वाचायचा आणि ठरवलेल्या रंगाशी ताडून पाहायचा. हा ठरवलेला रंग बहुतेकांच्या बाबतीत दुसऱ्या गालावरून घेता येई. ऋजुताचे दोन्ही गाल डागात होते.

"मग नमुना रक्ताच्या नात्यातला लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "सख्खी बहीण असेल तर उत्तमच. तेच आईबाप, तेच ऊन."

"माझा घ्या," ईशानी लगेच म्हणाली होती.

तिच्या चेहऱ्याचा नकाशा घ्यायला अर्धा तास लागला. डॉक्टरांनी नियमही सांगितला. चेहऱ्याचा नकाशा म्हणजे बोटांच्या ठशासारखाच, ज्याचा त्याच्या मालकीचा. खोल गेलेल्या काही पेशी वाचतात आणि रंग पुन्हा धरू लागतो, म्हणून वर्षातून एकदा उपचार परत करावा लागेल. वयाने, उन्हाने कातडी बदलते, त्यामुळे नकाशाही दर वेळी ताजा लागेल. आणि दर वेळी ईशानीची संमती लागेल.

"त्यात विचारायचं काय," ईशानी म्हणाली होती.

*

पहिली टोचणी अगदी क्षुल्लक होती. महाद्वार रोडवर दोघी चपला घेत होत्या. दुकानदार ऋजुताकडे पाहून म्हणाला, "ताई, तुम्हीच ना त्या बाजारहाटवाल्या? आमच्या घरी सगळे बघतात तुमचं."

ऋजुताने ईशानीकडे बोट केलं. "ही ती. मी थोरली."

"असं होय," तो म्हणाला, ईशानीकडे पाहून ओळखीचं हसला आणि बोलत पुन्हा ऋजुताशीच राहिला. ऋजुताने त्याला कातडं कुठून येतं ते विचारलं होतं आणि त्याला ते सांगायचं होतं. घरी येताना ऋजुता गाडीत गुणगुणत होती. ईशानीला आपल्याला काय झालंय ते कळेना. नव्या चपला तिने आठवडाभर खोक्यातून काढल्या नाहीत.

मग गडहिंग्लजचा बाजार झाला. संकेश्वरी मिरचीच्या ढिगामागे बसलेल्या एका म्हातारीशी ईशानी बोलत होती आणि मधेच कानातलं यंत्र बंद पडलं. ईशानी हसत राहिली. "मिरची... तिखट असते ना?" तिने विचारलं. म्हातारी म्हणाली, "मिरचीच हाय ती, बाई." भोवतालची माणसं हसली. कार्यक्रमाचा निर्माता धैर्यशील पाटणकर चित्रीकरण थांबवणार, तोच ऋजुता गाडीतून उतरून सरळ ढिगापाशी आली. ओढणी आता लागत नव्हती. म्हातारीशेजारी उकिडवी बसून तिने एक मिरची मोडली, हुंगली आणि म्हणाली, "गेल्या साली रंग धरला नव्हता म्हणालात. या साली धरलाय की."

"धरलाय न्हवं का," म्हातारी खुलली आणि पुढे पाऊण तास बोलत राहिली. तिचा नवरा, पाण्याची पाळी, उंदीर, मुंबईची सून. धैर्यशीलने कॅमेरा बंद केला नाही.

तो भाग आधीच्या कुठल्याही भागापेक्षा जास्त पाहिला गेला. खाली प्रतिक्रियांत लोकांनी लिहिलं होतं, 'त्या दुसऱ्या ताई कोण?'

धैर्यशील अवघडत ईशानीशी बोलायला आला. "दोघी मिळून करा. सुरुवात तू करायची, मधला भाग ऋजुताने." महिन्याभराने सुरुवातही ऋजुता करू लागली, कारण ते ओघात येई. ईशानीकडे जाहिरातींची वाक्यं उरली. मसाल्याचं पाकीट गालाजवळ धरून ती गोड हसायची आणि मागे, बाजाराच्या गर्दीत, ताईचं हसणं ऐकू यायचं.

ईशानीने स्वतःला समजावून पाहिलं. ताईनेच तर सगळी वाक्यं लिहिली होती. आता ती स्वतः बोलते, यात अन्याय कुठला? पण न्यायाने मन गप्प बसेना. ताई सकाळी बेसिनपाशी तोंड धुवायची तेव्हा ईशानीची नजर तिच्या गालांवर जायची. डाव्या गालाच्या वरच्या बाजूला एक किंचित तांबूस झाक होती. ती झाक ईशानीच्या गालावर होती, त्याच जागी. आपलीच साडी दुसरीने नेसावी, तिला ती जास्त शोभावी, आणि ती परत मागता येऊ नये, तसं काहीसं तिला वाटायचं. ती ताईच्या अंगाला अंग लागू देईनाशी झाली. का, ते तिचं तिलाही नीट ठाऊक नव्हतं.

आई एका दुपारी मेथी निवडताना सहज म्हणाली, "बरं झालं बाई, ईशा. आता तुला हिला जपत बसायला नको. तू मोकळी झालीस."

ईशानीच्या हातातली जुडी तशीच राहिली.

त्याच संध्याकाळी धैर्यशील पेढे घेऊन आला. बाहेरच्या एका मोठ्या वाहिनीने बाजारहाट मागितला होता, ऋजुतासकट. आई देवापुढे पेढा ठेवायला उठली. "ताई, सांभाळून हं," ईशानी हसत म्हणाली. "उसना रंग आहे तो. माझ्याकडून घेतलेला."

धैर्यशील हसला. ऋजुता हसली नाही. तिने पेढ्याचा अर्धा तुकडा बहिणीपुढे धरला. ईशानीने तो घेतला आणि खाल्ला नाही.

*

वर्ष भरत आलं तसा दवाखान्यातून नव्या नकाशासाठी निरोप आला. ईशानीने सर्दीचं कारण सांगितलं. पुढच्या वेळी गोव्याला जाऊन ऊन लागलंय म्हणाली. मग फोनवर संमतीचा प्रश्न आला. सोपा होता, खाली दोन चौकोन. ईशानी स्वयंपाकघरात उभी होती, कुकरची शिट्टी व्हायची होती. तिने 'नाही'वर बोट ठेवलं आणि शिट्टी झाल्यावर गॅस बंद केला.

नियमाप्रमाणे डॉक्टरांना कारण सांगता येत नव्हतं. नकाशा उपलब्ध नाही, एवढंच ऋजुताला कळवलं गेलं.

"यंत्राचं काहीतरी असेल," ऋजुता घरी म्हणाली. "बघू पुढच्या महिन्यात."

"हो, बघू," ईशानी म्हणाली.

डाग परत आलेला सगळ्यांत आधी ईशानीने पाहिला. ऋजुता खिडकीत उभी राहून मोबाइलवर बोलत होती आणि उजव्या डोळ्याखाली, हाडाच्या कडेला, एक पुसट निळी छटा होती. जागरणाने काळं पडावं तशी. ईशानीच्या छातीत काहीतरी सैल झालं, खूप दिवस आवळलेली गाठ सुटावी तसं. तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की ती घाबरून आपल्या खोलीत गेली आणि दार लावून बसली. आपण कोण आहोत, हे तिला पहिल्यांदाच नीट दिसत होतं. तरीही फोन हातात घेऊन तिने तो 'नाही' बदलला नाही. उद्या करू, असं तिने रोज ठरवलं.

छटा पसरत गेली. नव्या वाहिनीच्या पहिल्या चित्रीकरणाच्या सकाळी मलकापूरच्या विश्रामगृहात ऋजुता लेपाची डबी घेऊन तिच्यापुढे येऊन बसली.

"पूर्वीसारखं झाकून दे जरा. मला जमत नाहीये."

ईशानीने बोटाच्या टोकावर लेप घेतला. डोळ्याच्या कडेपासून सुरुवात केली, बाहेरच्या बाजूला, हलके हलके, जसं ती चौदाव्या वर्षापासून करत आली होती. ताईचा श्वास तिच्या मनगटाला लागत होता. "डोळे मीट," ती म्हणाली. "वर बघू नकोस." तिचा आवाज मऊ झाला होता. ताईच्या कपाळावर आलेली बट तिने कानामागे सारली.

डोळे मिटलेलेच ठेवून ऋजुता म्हणाली, "ईशा, नकाशा तू थांबवलास ना?"

ईशानीचं बोट थांबलं.

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"त्या कशाला सांगतील. तुझ्या हातावरून कळलं आत्ता." ऋजुताने डोळे उघडले. "गेलं वर्षभर तू मला हात लावला नाहीस. साधा केसालासुद्धा नाही. आज डाग आहे, तर हात किती मायेने फिरतोय बघ."

ईशानीला काहीतरी खोटं बोलायचं होतं, पण ते सुचलं नाही. ऐन वेळी तिला वाक्यं पुरवणारी बाई समोरच बसली होती.

"हो," ती म्हणाली. "मी थांबवला."

"का?"

"मला बघवत नव्हतं. तू माझ्या जागी उभी राहतेस आणि तुला ते माझ्यापेक्षा चांगलं जमतं. तेही माझाच चेहरा घेऊन."

ऋजुता उठून खिडकीशी गेली. बाहेर धैर्यशीलची माणसं गाडीत सामान भरत होती. आवाज न चढवता ती बोलू लागली.

"मला तुझा खूप राग आलाय. आज बाजारात मी कशी बोलणार आहे, मला माहीत नाही. पण तू जळलीस याचं मला नवल वाटत नाही. आठ वर्षं मी गाडीत बसून तुझ्या तोंडून माझी वाक्यं ऐकली. लोक तुला टाळ्या द्यायचे आणि मी काच वर करून बसायचे. तुला काय वाटलं, मला काही होत नव्हतं?"

"तू कधी बोलली नाहीस."

"कुणी विचारलं नाही. डाग असलेली बाई समजूतदारच असणार, असं सगळे धरून चालतात. तूही."

ईशानीने फोन काढला. "मी आत्ता संमती देते. या क्षणी."

"आज देशील. पुढच्या वर्षी?" ऋजुता म्हणाली. "त्याच्या पुढच्या? दर वर्षी तुझी मर्जी कशी आहे ते बघत मी आरशात बघू? नको, ईशा. मला ते नको."

तिने डबी उचलली, उरलेला उजव्या डोळ्याभोवतीचा डाग स्वतःच झाकला, वेडावाकडा, आणि खाली निघून गेली. तो भाग तिने पूर्ण केला. तिचा चांगला भाग नव्हता तो.

*

ऋजुता एकटीच मुजावर डॉक्टरांकडे गेली. पुढचं ईशानीला आईकडून कळलं, कारण मलकापूरनंतर तिने कार्यक्रम सोडला होता आणि ती राजारामपुरीत मैत्रिणीकडे राहायला गेली होती.

ऋजुताने डॉक्टरांना विचारलं होतं की नमुना म्हणून माझाच चेहरा वापरता येईल का, गेल्या वर्षी साफ झाला होता त्या दिवसाचा. डॉक्टर म्हणाल्या, तुमचा तो चेहराही शेवटी बहिणीच्या नकाशावरूनच उतरवलेला आहे. त्यावर ऋजुताने चेहरा सोडून दिला आणि ब्लाउजचा गळा खाली ओढला. गळ्याखाली, खांद्याच्या उतारावर, जिथे डाग कधीच नव्हता, तिथली तिची स्वतःची कातडी होती. डॉक्टरांनी तिला बजावलं. खांद्याने कधी चेहऱ्याएवढं ऊन पाहिलेलं नसतं. रंग सारखा बसणार नाही. कुठे उजळ होईल, कुठे निळा राहील, आणि कितपत, ते आधी सांगता येणार नाही. वर्णलेख अशा नमुन्यावर कुणी चालवलेला नव्हता.

"चालवा," ऋजुता म्हणाली.

वाहिनीने नंतर करार लांबणीवर टाकला आणि मग त्यातून अंग काढून घेतलं. कारण स्पष्ट कुणी बोललं नाही. मसालेवाल्यांनीही जाहिरात थांबवली. बाजारहाट पुन्हा पूर्वीसारखा छोटा झाला, धैर्यशील आणि एक कॅमेरा. प्रेक्षक बरेच गेले, काही राहिले. ऋजुता दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या बाजारात उकिडवी बसलेली असे.

ईशानीने ते भाग पाहिले नाहीत. एका साडीच्या दुकानासाठी ती बोलायची, वाक्यं त्यांचीच लिहिलेली असायची. रिकाम्या वेळी ती एकदा कॅमेरा घेऊन स्वतःच कागलच्या बाजारात गेली होती. एका कुंभाराच्या पुढ्यात उभी राहिली. काय विचारावं ते सुचेना. कुंभारानेच विचारलं, "काय पाहिजे?" तिने एक माठ घेतला आणि परत आली.

आईच्या वाढदिवसाला मात्र घरी जावंच लागलं. दार ऋजुताने उघडलं.

ईशानीने आधी तिच्या चेहऱ्यात स्वतःला शोधलं. डाव्या गालावरची तांबूस झाक गेली होती. कपाळ मधोमध ईशानीपेक्षाही उजळ होतं, एका बाजूला मातकट. दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांत निळं राहिलं होतं, एकीकडे जास्त, एकीकडे कमी. सुंदर म्हणावं असं नव्हतं, आणि पाहून नजर काढवतही नव्हती. बाजारात बसून बसून नाकावर उन्हाचा पट्टा पडला होता.

"बघ नीट," ऋजुता म्हणाली. "बघितल्याशिवाय तुला आत येववणार नाही."

"माझं काहीच राहिलं नाही त्यात."

"नाही."

ईशानीला वाटलं होतं की हे पाहून आपण सुटू. पण ती सुटली नाही. या चेहऱ्यावर तिची कसलीच सत्ता नव्हती. हा द्यायला नको, अडवायला नको, झाकायला नको. असा चेहरा तिला स्वतःला नव्हता, आणि तो तिला हवा होता.

"ताई," ती उंबऱ्यातच म्हणाली, "मी अजून जळतेय."

आतून आईने कोण आलंय म्हणून विचारलं.

"ईशा आलीये," ऋजुताने आत सांगितलं, आणि मग तिला म्हणाली, "चप्पल काढ. भाकऱ्या व्हायच्यात अजून. तू थाप, मी भाजते."

ईशानी आत गेली. परातीत पीठ तयार होतं. तिने हात धुतले आणि ताईच्या शेजारी, थोडं अंतर ठेवून, उभी राहिली.